अठ्ठावीस इंचांत न मावणारा प्रवासी

कर्जतहून निघालेल्या लोकलला सीएसएमटी गाठायला साधारण दोन तास लागतात. नेरळ-माथेरान मिनी ट्रेनला २१ किलोमीटरचा डोंगर चढायला दोन तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. मुंबईहून दिल्लीला जाणारे विमानही सुमारे दोन तास हवेत असते. आता सहा फूट चार इंच उंचीच्या एखाद्या तरुणाला हे तिन्ही प्रवास करायला लावा. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली काय नि उभे राहावे लागले काय, मुंबईत उतरून तो तडक कामाला लागेल. मिनी ट्रेनच्या बुटक्या डब्यात त्याला मान वाकवून शिरावे लागेल, समोरच्याच्या गुडघ्यांना गुडघे घासतील, पण वर पोहोचल्यावर तक्रार केलीच तर गर्दीची करेल. दिल्लीला उतरताना मात्र तो आधी गुडघे चोळेल, मग कंबर सरळ करेल आणि पहिली चार पावले अवघडत टाकेल.

तिन्ही प्रवासांत वेळ जवळजवळ सारखा आणि बसायला सगळ्यांत मऊ विमानातच. मग त्रास तिथेच का?

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. लोकलमध्ये माणूस बसतो, उठतो, दाराशी जातो, बदलापूरला कुणाला जागा देतो. मिनी ट्रेन जुम्मापट्टीला, वॉटरपाइपला थांबते तेव्हा पाय मोकळे करता येतात. विमानात पट्टा बांधून एकाच कोनात बसायचे असते आणि उंच माणसाला तो एक कोनही धड मिळत नाही. उत्तराचा दुसरा भाग इंचांचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या लोकांसाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आला. खोपोली किंवा चौकहून पनवेलची वाट धरली की विमानतळ आलाच. चौकमार्गे जाणारा पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग या दोन टोकांना आणखी जवळ आणणारा आहे. आखातात नोकरीला जाणारी मुले, परदेशी शिकायला निघालेल्या मुली, नातवंडांना भेटायला अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा या भागातही आहेत. पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्याला बॅगेचे वजन किती चालेल हे सगळे सांगतात. आपले पाय कितपत मावतील हे कुणी सांगत नाही.

पिच म्हणजे काय?

विमानाच्या आसनांबद्दल बोलताना ‘पिच’ हा शब्द कानावर येतो. एका आसनावरची कोणतीही एक जागा धरा, समजा पाठीचा वरचा कोपरा. पुढच्या आसनाच्या त्याच कोपऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिच. आपल्याकडच्या देशांतर्गत स्वस्त विमानांत हे अंतर साधारण २८ ते ३० इंच असते. काही दशकांपूर्वी इकॉनॉमी वर्गातही ते ३४-३५ इंचांच्या घरात असायचे.

इथे एक गफलत होते. पिच २८ इंच म्हणजे पायांना २८ इंच मिळाले असे नाही. त्या २८ इंचांत पुढच्या आसनाच्या पाठीची जाडीही धरलेली असते. ती वजा केल्यावर गुडघ्यासमोर जे उरते तेच आपले. जुन्या जाड गाद्यांच्या आसनांत ही जाडी बरीच असे. नव्या पातळ पाठीच्या आसनांत ती दोन-अडीच इंचांवर आली आहे, म्हणून कंपन्या सांगतात की पिच कमी झाले तरी गुडघ्यांची जागा तेवढी कमी झालेली नाही. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. मासिके ठेवायचा खिसा गुडघ्यांच्या पातळीवरून उचलून टेबलाच्या वर नेला, तेही याच विचाराने. पण पातळ पाठीतून मिळणारा फायदा एकदाच मिळतो. धातू-प्लास्टिकची पाठ कितीही पातळ केली तरी शून्य होत नाही आणि माणसाच्या मांडीचे हाड काही आखूड होत नाही.

घरच्या घरी मोजून पाहा

विमानात मावण्याचा प्रश्न एकूण उंचीचा नसतो, मांडीचा असतो. भिंतीला पाठ आणि कंबर पूर्ण टेकवून एका ताठ स्टुलावर बसा. पाय काटकोनात ठेवा. एक जाड पुठ्ठ्याची वही गुडघ्याच्या वाटीला उभी टेकवून धरा आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीपासून वहीपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजायला सांगा. हे अंतर साधारणपणे एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त भरते. पाच फूट पाच इंचांच्या माणसाचे ते साडेबावीस इंचांच्या आसपास येते, सहा फूट चार इंचांच्या माणसाचे २६ ते २७ इंच. ढोबळ हिशोब असा, की उंची तीन इंचांनी वाढली की मांडी एका इंचाने वाढते. अर्थात कुणाचे पाय लांब असतात तर कुणाचे धड, म्हणून आपले अंतर आपणच मोजलेले बरे.

आता वजाबाकी करा. पिच २८ इंच, पाठीची जाडी दोन-अडीच इंच. उरले साडेपंचवीस ते २६ इंच. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला यात तीन इंच मोकळे मिळतात आणि तो आरामात पेपर वाचतो. आपल्या उंच तरुणाचे गुडघे मात्र कंबर मागे टेकवताच पुढच्या आसनावर रुतू लागतात. पुढे बसलेल्याने पाठ मागे रेलली, की उरलेसुरले अंतरही जाते.

मांडीच्या या मोजमापाचे महत्त्व आपल्या हवाई दलाला चांगले माहीत आहे. खडकवासल्याच्या एनडीएत जाऊन लढाऊ वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांना विचारा. उड्डाण शाखेच्या वैद्यकीय तपासणीत निव्वळ उंची पाहत नाहीत. बसलेल्या अवस्थेतली उंची ८१.५ ते ९६ सेंटीमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर, असे वेगवेगळे निकष असतात. ६४ सेंटीमीटर म्हणजे सुमारे २५ इंच. कारण उघड आहे. संकटात वैमानिकाचे आसन स्फोटाच्या जोराने विमानाबाहेर फेकले जाते आणि त्या क्षणी गुडघे समोरच्या फळीला अडकले तर पाय जायबंदी होतात. म्हणजे जिथे मोजणे गरजेचे वाटले, तिथे मांडी सेंटीमीटरपर्यंत मोजली गेली.

एक इंच कुठे जातो?

कंपन्या जागा का कमी करतात, हे कळायला मोठ्या अर्थशास्त्राची गरज नाही. एअरबस ए३२० हे आपल्याकडे सर्रास दिसणारे विमान घ्या. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने, म्हणजे एका रांगेत सहा. अशा ३० रांगा असतील तर १८० प्रवासी. प्रत्येक रांगेतून फक्त एक इंच काढला, तर ३० इंच मोकळे होतात. तीस इंचांत आणखी एक रांग बसते. प्रवासी झाले १८६. याच विमानात कुठे १८० तर कुठे १८६ आसने दिसतात, त्यामागे हा हिशोब असतो. ही सगळी जागा गुडघ्यांतूनच काढतात असेही नाही. मागचे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे आक्रसून काही इंच मिळवलेले असतात. विमानाने दिवसात सहा खेपा केल्या, तर त्या एका रांगेची ३६ तिकिटे जास्त विकली जातात. इंधन, वैमानिक, विमानतळाचे भाडे यांचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो.

याला निव्वळ हावरटपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. एअर डेक्कनने २००३ मध्ये स्वस्त तिकिटांची वाट पाडली, तोवर विमान ही साहेबांची आणि श्रीमंतांची गोष्ट होती. आज कर्जतचा दुकानदार किंवा खालापूरच्या कारखान्यातला कामगार वर्षाकाठी एकदा विमानात बसतो, तो याच दाटीमुळे. त्या जादा रांगेतल्या सहा जणांनी उरलेल्या १८० जणांच्या तिकिटाला हातभार लावलेला असतो. अडचण वेगळीच आहे. या स्वस्ताईची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. पाच फूट पाच इंचांच्या प्रवाशाचा एक इंच गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. सहा फूट चार इंचांच्या प्रवाशाकडे द्यायला तो इंच मुळात नसतोच.

या दाटीची भांडणे जगभर होतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत एका प्रवाशाने ‘नी डिफेंडर’ नावाची छोटी खुंटी लावून पुढचे आसन मागे रेलणार नाही अशी व्यवस्था केली. पुढच्या प्रवासी महिलेशी त्याची जुंपली आणि नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले ते विमान शिकागोला उतरवावे लागले. दोघेही आपापल्या पैशांच्या जागेसाठीच भांडत होते. ती जागा एकच होती आणि दोघांनाही विकलेली होती.

गुडघा वर, भार खाली

मांडीच्या लांबीइतकाच दुसरा प्रश्न पोटरीच्या लांबीचा आहे. तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असते. सहा फूट चार इंचांच्या माणसाचे ते १९ इंच भरते. विमानाच्या आसनाची उंची असते १७ इंचांच्या आसपास. त्यामुळे त्याचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात आणि मांडी गादीवरून उचलली जाते. जो भार मांडी आणि बैठक यांनी मिळून पेलायचा, तो सगळा बैठकीच्या दोन हाडांवर येतो. कणा मागे गोल होतो आणि कंबर धरते. समोरचे जेवणाचे टेबल गुडघ्यांवर अडते, सपाट होत नाही. मान टेकायची उशी खांद्यांच्या पातळीवर येते आणि आधार द्यायच्या ऐवजी डोके पुढे ढकलते. यातून सुटका करून घ्यायला तो गुडघे फाकवतो, तेव्हा शेजारच्याची अडचण होते. तिरका बसतो, तेव्हा कण्याला पीळ पडतो. खिडकीशी बसला तर विमानाची भिंत वर आतल्या बाजूला वळलेली असते, म्हणून डोके सतत एका अंगाला कलते.

उठून उभे राहावे तर तिथेही हिशोब आहे. ए३२० च्या मुख्य दाराची उंची १.८५ मीटर, म्हणजे सहा फूट एक इंच. आपला तरुण वाकूनच आत शिरणार. मधल्या वाटेत मात्र त्याला ताठ उभे राहता येते. लहान शहरांना जाणाऱ्या पंख्यांच्या एटीआर ७२ विमानात तेही जमत नाही, कारण तिथे आतली कमाल उंचीच १.९१ मीटर आहे, सहा फूट तीन इंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईहून याच जातीचे विमान तिथे जाऊ लागले होते. आपल्या उंच कोकणी माणसाला गावी जाताना दारापासून आसनापर्यंत मान खाली घालूनच जावे लागे.

पोटरीचा हापसा

आता गैरसोयीकडून तब्येतीकडे वळू. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते, पण ते परत वर आणण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. गावातला हापसा आठवा. दांडा खाली-वर केला की पाणी वर चढते आणि आतली झडप ते परत खाली जाऊ देत नाही. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि शिरांमधल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. चालताना हे आपोआप घडते. तासन्‌तास पाय न हलवता बसले की दांडा थांबतो, रक्त पोटरीत साचते, घोटे सुजतात. क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते.

उंच माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी भर घालतात. त्याच्या पायातून हृदयापर्यंत रक्ताला जास्त उंच चढायचे असते. शिवाय गुडघे अडकल्यामुळे घोटा हलवायलाही त्याला जागा नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये लांबच्या प्रवासाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. चार तास किंवा जास्त वेळ बसून प्रवास केल्यास अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यात नोंदले आहे. दुप्पट हा शब्द ऐकून घाबरू नका. दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. पण काहींचा धोका याहून जास्त असतो. लठ्ठ व्यक्ती, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला, रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असणारे यांच्याबरोबर त्या यादीत १.९० मीटरपेक्षा उंच माणसे आहेत. आणि १.६० मीटरपेक्षा बुटकी माणसेही.

हे शेवटचे वाक्य आपल्याकडच्या वाचकांनी दोनदा वाचावे. १.६० मीटर म्हणजे सव्वापाच फूट. आपल्याकडच्या महिलांची सरासरी उंची पाच फुटांच्या जवळपास आहे. पाच फुटांच्या आजींच्या पोटरीची लांबी साधारण १५ इंच आणि आसन १७ इंच उंच. त्यांचे पाय जमिनीला पोहोचत नाहीत, लोंबकळतात आणि गादीची पुढची कड मांडीच्या मागे, गुडघ्याजवळ रुतते. तिथूनच मोठ्या शिरा जातात. उंच नातू आणि बुटकी आजी एकाच रांगेत बसून अमेरिकेला निघाले, तर दोघांनीही काळजी घ्यायला हवी. नातवाला जागा पुरत नाही आणि आजीला जमीन पुरत नाही. आजीच्या पायाखाली एक भरलेली पिशवी ठेवली, की मांडीवरचा दाब लगेच कमी होतो. नातवाला इतका स्वस्त उपाय उपलब्ध नाही.

उंचीची दोन्ही टोके नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनमध्ये समोरासमोर बसली होती. ६२.८ सेंटीमीटर उंचीची नागपूरची ज्योती आमगे आणि २१५.१६ सेंटीमीटर उंचीची तुर्कस्तानची रुमेसा गेल्गी या गिनीज बुकातल्या दोन विक्रमी महिलांनी तिथे एकत्र चहा घेतला. गेल्गी यांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास २०२२ मध्ये केला. इस्तंबूलहून सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या १३ तासांच्या प्रवासासाठी टर्किश एअरलाइन्सने इकॉनॉमीतली सहा आसने काढून तिथे आडवे होता येईल असे स्ट्रेचर बसवले. मनात आणले तर विमान कंपनीला माणसाप्रमाणे जागा बदलता येते, हे त्यातून दिसले.

एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. गुठळीचा दोष विमानाच्या माथी मारला जातो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अहवालाचा भर न हलता बसण्यावर आहे. खोपोलीहून रात्रीच्या खासगी बसने नागपूरला जाणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे. विमानात एवढेच जास्तीचे, की हवा फार कोरडी असते आणि आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर साधारण ५,४०० फूट आहे, त्याच्याही वर जाऊन बसल्यासारखे.

नव्वद सेकंद

आसनांतले अंतर हा सुरक्षिततेचाही मामला आहे. कोणतेही नवे प्रवासी विमान उडवायला परवानगी देताना एक अट असते. निम्मी दारे बंद आहेत असे धरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. ऑगस्ट १९८५ मध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर पेटलेल्या विमानात ५५ जणांचा जीव गेला. विमान जमिनीवरच होते, पण धुरात अनेकांना वेळेत दारापर्यंत पोहोचता आले नाही. आसनांमधून बाहेर पडायला किती जागा लागते, याचा अभ्यास त्यानंतर जोरात झाला. ब्रिटनने १९८९ मध्ये किमान अंतर ठरवून दिले, ते २६ इंच. हे पिच नव्हे. आपल्या आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनाच्या मागच्या बाजूपर्यंतचे, म्हणजे आपण टेपने मोजलेल्या मांडीच्या जागेचे अंतर. सहा फूट चार इंचांचा प्रवासी त्यातही जेमतेमच मावतो.

अमेरिकेत प्रवासी संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. न्यायालयाने २०१७ मध्ये विमान प्राधिकरणाला याकडे पुन्हा लक्ष द्यायला सांगितले आणि २०१८ च्या कायद्याने किमान माप ठरवण्याची जबाबदारीच प्राधिकरणावर टाकली. मग ओक्लाहोमा सिटीत ७७५ स्वयंसेवकांना घेऊन चाचण्या झाल्या. २८ इंच पिचमुळे बाहेर पडण्यात अडथळा येत नाही, असा निष्कर्ष निघाला. पण ते सगळे स्वयंसेवक १८ ते ६० वयाचे धडधाकट लोक होते. म्हातारे नव्हते, लहान मुले नव्हती, अपंग नव्हते. खऱ्या विमानात हे सगळे असतात आणि आखडलेल्या गुडघ्यांनी तीन तास बसलेला उंच माणूसही असतो. त्याला एकदम उठून पळता येईल का, हा प्रश्न त्या चाचणीने सुटलेला नाही, असे माझे मत आहे.

कोणती रांग मागावी?

आपत्कालीन दाराची रांग उंच माणसासाठी सर्वांत चांगली. दारापर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून तिथे मुद्दाम जास्त अंतर सोडलेले असते. ए३२० मध्ये पंखांवर अशा दोन रांगा एकामागोमाग असतात. त्यांतल्या पुढच्या रांगेची पाठ सहसा मागे रेलत नाही, कारण तिच्या मागे पुन्हा दाराची वाट असते. म्हणून दुसरी मागावी. मात्र तिथे बसणाऱ्याला वेळ पडल्यास जड दार उघडून इतरांना मदत करावी लागते. लहान मुले, गरोदर महिला, ज्यांना हालचाल जमत नाही अशांना ती रांग देत नाहीत. ज्याचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे अशा उंच प्रवाशाला ती सर्वांत जास्त हवी असते, आणि नेमकी त्यालाच मिळत नाही.

पहिली रांग दिसायला मोकळी दिसते. गुडघ्यांना जागा असते, पण समोर भिंत असल्याने पाय लांबवता येत नाहीत. टेबल हाताच्या दांडीत दुमडलेले असते, त्यामुळे आसन थोडे अरुंद होते, आणि पायाशी बॅग ठेवता येत नाही. या दोन्ही जागांना जादा पैसे पडतात.

पैसे न घालवता करण्यासारखी गोष्ट म्हणजे वाटेकडेची जागा. त्यातही डावे-उजवे आहे. विमानाच्या तोंडाकडे पाहत बसल्यावर डाव्या बाजूला ए, बी, सी आणि उजव्या बाजूला डी, ई, एफ. उजवा गुडघा दुखरा असेल तर ‘सी’ घ्या, डावा असेल तर ‘डी’. जेवणाची गाडी येताना तेवढा पाय आत घ्यायचा. पायाशी ठेवलेली बॅगही वर टाका, कारण पुढच्या आसनाखालची पोकळी ही तुमच्या पायांची शेवटची मोकळी जागा आहे.

चौकट : निघण्यापूर्वी आणि बसल्यावर

भिंतीपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर मोजा. ते २५ इंचांहून जास्त असेल तर साध्या रांगेवर अवलंबून राहू नका, तिकिटाबरोबरच जागा निवडा.

प्रवास चार तासांहून मोठा असेल तर दर तासाला घोटे गोल फिरवा, टाचा उचला-टेकवा, जमेल तेव्हा उठून चाला. पाणी पीत राहा. झोपेची गोळी आणि दारू टाळा.

घट्ट दाबाच्या मोज्यांनी गुठळीचा धोका कमी होतो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतेच ऑपरेशन झालेले असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर पायाखाली पिशवी घ्या.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखले, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि प्रवासाचे आवर्जून सांगा.

इंच तिकिटावर हवेत

उंच माणसाला सवलतीत मोठी जागा द्या, असे मी म्हणत नाही. उंच म्हणजे किती, हे ठरवताना वाद होतील आणि स्वस्त तिकिटाचा हिशोब विस्कटेल. पण दोन गोष्टी तर आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कराव्यात. आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनापर्यंतच्या अंतराची एक खालची हद्द ठरवावी. आणि तिकीट विकतानाच भाड्याच्या शेजारी ते अंतर इंचांत छापणे सक्तीचे करावे. सोळा किलोची बॅग पंधरा किलोच्या हद्दीत बसत नाही, हे प्रवाशाला आधी कळते आणि तो घरीच सामान कमी करतो. पाय कमी करता येत नाहीत, म्हणून हा आकडा तर आधी कळायलाच हवा.

तो छापला जाईपर्यंत तुम्हीच विचारा. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून आपल्या विमानातल्या आसनांमधले अंतर किती इंच आहे ते लेखी मागा, आणि घरात कुणी सहा फुटांच्या वर किंवा सव्वापाच फुटांच्या खाली असेल, तर लांबच्या प्रवासाआधी त्याची मांडी आणि पोटरी टेपने मोजून ठेवा.